चार लोक आणि मनाचे दुखणे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात अकोट येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी मला ह्या व्यासपीठावर बोलण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी मजवरच सोपविली. अशा प्रसंगी शिक्षण, काटकसर, हुंड्याची चाल, विद्यार्थ्यांचे वसतिगृह ह्या विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे व तो योग्यच आहे. तथापि आज मी आपले लक्ष अशा एका विषयाकडे वेधू इच्छितो की, ज्याचा उच्चार आपण घरातही दार लावून करतो. तो विषय म्हणजे मनाचे आजार, आणि विचारांची तपासणी करून ते बरे करण्याची जी पद्धती गेल्या साठ-सत्तर वर्षांत सिद्ध झाली ती.

हा विषय अकोटास परका आहे असे कोणी समजू नये. सातपुड्याच्या पायथ्याची ही आपली काळी जमीन कसदार खरी. परंतु पाऊस लांबला म्हणजे पेरणी उलटते, पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकास चालत नाही, आणि कधी २०१७ सालासारखी गुलाबी बोंडअळी येऊन हाताशी आलेली पऱ्हाटी घेऊन जाते. कर्ज, नापिकी आणि बाजारभाव ह्यांनी वऱ्हाडातील किती घरे उघडी पाडली हे ह्या सभामंडपात मी सांगावयास नको. ज्या घरातून असा एक माणूस स्वतःच्या हाताने गेला, त्या घराच्या ओसरीवर आपण सर्व जाऊन बसलो आहोत. तेराव्या दिवसापर्यंत आपण येतो. प्रश्न असा आहे की, त्या आधीच्या तीन महिन्यांत आपण कोठे असतो?

प्रारंभीच एक खुलासा करतो. दुष्काळ हा मनात नसतो, तो शेतात असतो. कर्ज हा विचारांचा भ्रम नव्हे. ज्याचे पीक बुडाले त्यास रास्त भाव, विमा व पाणी ही मिळालीच पाहिजेत, आणि त्यांची जागा कोणतेही समुपदेशन घेऊ शकत नाही. परंतु समान संकटात सापडलेल्या दहा माणसांपैकी नऊ माणसे धडपडत पुढच्या हंगामापर्यंत पोहोचतात आणि एकाच्या मनावर असा काळोख पसरतो की, समोर असलेली वाटही त्यास दिसेनाशी होते. ह्या काळोखास वैद्यकशास्त्र विषादरोग अथवा नैराश्य म्हणते. दोन आठवडे व त्याहून अधिक काळ मन खिन्न राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक मोडणे, अंगातील बळ सरल्यासारखे होणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे आणि अखेरीस जगणेच नकोसे होणे, ही त्याची लक्षणे होत. हा आळस नव्हे, नाटक नव्हे, आणि मनाचा कमकुवतपणाही नव्हे. २०१५-१६ साली भारतात झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, सुमारे २० प्रौढ व्यक्तींपैकी एकीस आयुष्यात केव्हा ना केव्हा हा रोग होतो; आणि तो झालेल्या १०० पैकी जवळजवळ ८५ जणांना कोणताही उपचार मिळत नाही. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे, ही गोष्ट आपल्या भगिनींनी विशेष ध्यानात घ्यावी.

आता उपचाराकडे वळू. अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरात अॅरन बेक नावाचे एक मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांचा जन्म १९२१ चा. २०२१ साली शंभर वर्षांचे होऊन ते निवर्तले. त्यांच्या तरुणपणी फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचा मोठा दबदबा होता, व विषादरोग म्हणजे आत वळलेला राग होय असे त्या शास्त्रात मानीत असत. ते सिद्ध करावे म्हणून बेक ह्यांनी रुग्णांची स्वप्ने अभ्यासली. त्यांत राग आढळण्याऐवजी पराभव, हानी आणि वंचना हेच पुनःपुन्हा आढळले. ह्यावरून १९६० नंतरच्या दशकात त्यांनी असा सिद्धांत मांडला की, विषण्ण मनुष्याच्या भावना बिघडतात त्याच्या मुळाशी त्याचे विचार असतात. त्याच्या मनात काही वाक्ये न बोलावता, आपोआप उमटतात, आणि ती त्यास सत्यच वाटतात. ही वाक्ये तीन बाबींविषयी असतात: मी नालायक आहे, जग माझ्या विरुद्ध आहे, आणि पुढे काही चांगले होणे नाही. ह्याच सुमारास, किंबहुना थोडे आधी, १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट एलिस ह्यांनी आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली होती. प्रसंग माणसास दुःखी करतो त्याहून अधिक त्या प्रसंगाविषयीची त्याची हटवादी समजूत त्यास दुःखी करते, असे त्यांचे म्हणणे. मुंबईचे कि. मो. फडके ह्यांनी एलिस ह्यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धती आपल्याकडे रुजविली. आणि १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांचे सहकारी ह्यांनी स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने ती मराठी वाचकांच्या व श्रोत्यांच्या घरोघरी नेली.

ही पद्धती प्रत्यक्षात कशी चालते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका शेतकऱ्याची पेरणी उलटली आहे. तो बाजारातून चालला असता ओळखीचा एक गृहस्थ समोरून आला आणि न बोलता निघून गेला. त्याच्या मनात तत्क्षणी वाक्य उमटते, ‘हा मला टाळतो, गावात माही किंमत गेली.’ छातीत कळ उठते, मान खाली जाते. दुसऱ्या दिवसापासून तो पारावर जाणे सोडतो. पारावर न गेल्यामुळे कोणी भेटत नाही. कोणी भेटत नाही म्हणून त्याचे वाक्य त्यास अधिकच खरे वाटू लागते. विचार, भावना आणि कृती ह्यांचे हे रहाटगाडगे एकदा फिरू लागले की, प्रत्येक फेरीत मनुष्य आणखी खोल जातो.

येथे उपचारक काय करतो? तो उपदेश करीत नाही. ‘धीर धरा, सर्व ठीक होईल’ असे म्हणत नाही. कारण सर्व ठीक होईलच असे नाही, हे रुग्णासही कळते. तो वही पुढे ठेवतो. आपण व्यापारी आणि शेतकरी लोक जमाखर्च जाणतो. उपचारक म्हणतो, हे जे वाक्य आपल्या मनात आले, त्याच्या बाजूने कोणता पुरावा आहे तो डावीकडे लिहू, विरुद्ध कोणता आहे तो उजवीकडे लिहू. तो गृहस्थ खरोखर टाळत होता की आपल्याच विवंचनेत होता? गेल्या पंधरा दिवसांत आपणाशी कोण कोण बोलले? आपली गणना गावात केवळ ह्या एका पेरणीवर होते काय? असे करता करता रुग्णास स्वतःच्या विचारातील ठरावीक चुका ओळखता येऊ लागतात. एक चूक म्हणजे ‘सर्व किंवा शून्य’, म्हणजे एक हंगाम गेला तर आयुष्य गेले. दुसरी, एकावरून सर्वांचे अनुमान. तिसरी, दुसऱ्याच्या मनात काय आहे ते न विचारता ठरवून टाकणे. चौथी, भविष्य आपणास ठाऊकच आहे असे मानणे. ह्यानंतर उपचारक पुढील भेटीपर्यंतचे एखादे लहानसे काम नेमून देतो: उद्या पारावर जा, त्या गृहस्थास स्वतः राम राम करा, आणि काय घडले ते लिहून आणा. विचाराची परीक्षा अशी व्यवहारात होते. ह्यालाच ‘कॉग्निटिव्ह थेरपी’ म्हणजे बोधात्मक उपचारपद्धती असे नाव आहे.

केवळ गोड बोलणे आणि शास्त्र ह्यांत फरक असा की, शास्त्र आपली परीक्षा देते. १९७७ साली बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विषादरुग्णांस ही पद्धती व काहींस त्या काळचे प्रसिद्ध औषध इमिप्रामिन देऊन तुलना केली, तेव्हा ही पद्धती औषधाच्या तोडीस उतरली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बरे झालेल्या रुग्णांकडे पुढे वर्षभर पाहण्यात आले. ज्यांचे औषध थांबविले त्यांपैकी १०० त सुमारे ७६ जणांस रोग उलटला. ज्यांनी ही पद्धती शिकून मग उपचार संपविला त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३१ होते. कारण उघड आहे. येथे रुग्णास मिळते ती विद्या असते, आणि विद्या सोबत राहते. अर्थात ह्यावरून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. छिन्नमनस्कता, उन्माद आणि विषाद आलटून पालटून येण्याचा रोग, तसेच तीव्र विषाद ह्यांत औषध हाच आधार असतो, व बोलण्याचा उपचार त्यास जोडून चालतो.

परंतु ह्यात अडचण कोणती, हे आपल्यातील व्यवहारदक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. असे तज्ज्ञ आणावयाचे कोठून? मनोरुग्णालय म्हटले की आपणास १८६४ साली स्थापन झालेले नागपूरचे रुग्णालय आठवते, आणि तेथे जाणे म्हणजे कपाळी शिक्का बसणे असे आपण समजतो. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात मनोविकारांचा विभाग आहे. परंतु खेड्यातील खिन्न माणूस, ज्यास अंथरुणातून उठणे जड जाते, तो तेथवर जाणार कसा?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे मोठे कार्य आपल्या उपखंडात झाले, ही अभिमानाची गोष्ट होय. पाकिस्तानातील रावळपिंडीनजीकच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान ह्यांनी गावोगावच्या आरोग्यसेविकांना ही पद्धती शिकविली. ह्या सेविका गर्भवतींच्या व बाळंतिणींच्या घरी एरवीही जातच असत. २००८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी, नेहमीच्या भेटी मिळालेल्या विषण्ण मातांपैकी १०० त ५३ जणी अद्याप आजारी होत्या. ज्यांना ह्या पद्धतीने बोलणाऱ्या सेविका भेटल्या त्यांच्यात २३. पुढे गोव्यातील ‘संगाथ’ ह्या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल ह्यांच्या मार्गदर्शनाखाली, दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील ४९५ विषादरुग्णांवर असाच प्रयोग केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, पदवीधर असण्याची अटही नव्हती. गावची भाषा बोलणारी साधी माणसे, त्यांना तीन आठवड्यांचे वर्ग व मग सुमारे सहा महिन्यांची उमेदवारी. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास, अशा सहा ते आठ भेटी.

ह्या भेटींत भर होता तो विचारांपेक्षा कृतीवर. त्यामागेही संशोधन आहे. १९९६ साली अमेरिकेत नील जेकबसन ह्यांनी दाखविले होते की, बोधात्मक पद्धतीतील केवळ कृतीचा भाग, म्हणजे सोडून दिलेली कामे, भेटीगाठी व आवडी पद्धतशीरपणे परत सुरू करणे, हाही पूर्ण उपचाराइतकाच उपयोगी पडतो. मन बरे झाले म्हणजे मी उठेन, असे रुग्ण म्हणतो. ही पद्धती त्यास सांगते, थोडे उठा, मग मन बरे होऊ लागेल. गोव्याचा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी, हा उपचार मिळालेल्यांपैकी १०० त ६४ जण रोगमुक्तीच्या मर्यादेत आले होते; न मिळालेल्यांपैकी ३९.

आणि आता मी आपल्या दारात येतो. गोव्याच्या त्याच संस्थेने, नागपूरच्या ‘प्रकृति’ संस्थेच्या सहकार्याने, आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालविला. डॉ. राहुल शिधये हे त्यातील प्रमुख संशोधक. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ह्या रोगाची ओळख करून दिली, दुःखी माणसास प्रथमोपचाराप्रमाणे आधाराचे बोलणे दिले. ज्यास अधिक गरज त्यास समुपदेशक भेटला, आणि ज्याचा रोग तीव्र त्यास मनोविकारतज्ज्ञ. प्रारंभी पाहणी केली तेव्हा १०० विषादरुग्णांपैकी फक्त ४.३ जणांनी कोणाकडे उपचार मागितला होता. अठरा महिन्यांनंतर हे प्रमाण २७.२ झाले. विषादाचे प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ वर आले. आणि गेल्या वर्षभरात आत्मघाताचा विचार मनात आला असे सांगणारे ५.२ टक्के होते ते २.५ वर आले. ह्या पाहणीत तुलनेसाठी दुसरी गावे ठेवलेली नव्हती, तेव्हा सगळे श्रेय कार्यक्रमासच देणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु माणसे दार उघडू लागली, ही गोष्ट निर्विवाद आहे. आपली कपाशी, आपलीच वऱ्हाडी बोली, आपल्यासारखीच घरे. तेथे जे झाले ते अकोट तालुक्यात का होऊ नये?

सज्जनहो, त्या ४.३ ह्या आकड्याकडे पुन्हा एकदा पाहा. शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक माणसांनी तोंड उघडले नव्हते. ह्यास लांबचे अंतर कारण आहे, गरिबी आहे, अज्ञानही आहे. परंतु आपल्यासारख्या समाजात ह्याहून बळकट एक कुलूप आहे. घरातील मुलगी झोपत नाही, जेवत नाही, एकटीच रडते. आई म्हणते, डॉक्टरांस दाखवू. बाप म्हणतो, बोलू नको, सोयरिकीचे दिवस आहेत. चार लोक काय म्हणतील? मग ‘बाहेरचे झाले’ म्हणून अंगारा, गंडा, देवऋषी होतो. त्यातही कित्येक महिने जातात, कारण देवऋषीकडे जाण्यात लाज नाही आणि डॉक्टरकडे जाण्यात आहे. हे चार लोक कोण, ह्याचा आपण कधी विचार केला आहे काय? ते मुंबई-पुण्याचे नव्हेत. ते दुसऱ्या समाजाचेही नव्हेत, कारण त्यांच्याशी आपली सोयरिक होत नाही. ते चार लोक ह्या मंडपात बसले आहेत. ते आपण आहोत. एखाद्या स्थळाची चौकशी करताना ‘त्यांच्या घरी कोणाच्या डोक्यावर परिणाम आहे म्हणे’ असे कुजबुजणारे ओठ आपलेच असतात. म्हणून हे कुलूप आपण लावले आहे, आणि त्याची किल्लीही दुसऱ्या कोणाजवळ नाही.

असे कुलूप पूर्वी एकदा उघडले गेले आहे. महारोग्यास पाहून जेथे माणसे वाट बदलीत असत, त्याच अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी १९४६ साली तपोवन उभारले. औषध तर पुढे आलेच. परंतु रुग्णास माणूस म्हणून वागविण्याचे धैर्य आधी आले. मनाच्या रोगासंबंधी तेच धैर्य आज आपणाकडून अपेक्षित आहे. कायदाही आता ह्या बाजूस आला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अंमलात आला, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्यास शिक्षेऐवजी शुश्रूषा देण्याचे कर्तव्य सरकारवर घातले. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासही विम्याचा लाभ मिळाला पाहिजे, असेही तो कायदा सांगतो. कायदा पुढे गेला आणि समाज मागे राहिला, असे होऊ नये.

तेव्हा मंडळापुढे मी चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली: प्रत्येक गावातून आपल्या समाजाची दोन माणसे, शक्य तर एक स्त्री व एक पुरुष, मंडळाने निवडावी व त्यांना जाणकारांकडून ह्या रोगाची लक्षणे ओळखण्याचे व ऐकून घेण्याचे शिक्षण द्यावे. पेरणी उलटली, पीक बुडाले, घरात मृत्यू झाला, बाळंतपण झाले, मुलगा परीक्षेत नापास झाला, अशा घरी त्यांनी आठ दिवसांच्या आत जावे. सांत्वनास तेराव्यापर्यंत जाणारे आपले पाय थोडे आधी उचलले जावेत, इतकेच ह्यात नवे आहे. दार मात्र जात पाहून निवडू नये. शेजारचे घर कोणाचेही असो, काळोख सारखाच असतो.

दुसरी: कोणी खचला आहे असे दिसले तर त्यास सरळ विचारावे, ‘जीव देण्याचा विचार मनात येतो काय?’ असे विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत खोटी आहे. उलट विचारल्याने मनुष्य मोकळा होतो. उत्तर होय आले तर त्यास एकटे सोडू नये, घरातील फवारणीचे औषध कुलपात अथवा दुसऱ्याच्या घरी ठेवावे आणि त्यास दवाखान्यात न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे व रात्रंदिवस चालते. हा क्रमांक दरवर्षी ह्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापावा.

तिसरी: मंडळाच्या वधूवर परिचय मेळाव्यात असा संकेत रूढ करावा की, मनाच्या आजारावर उपचार घेतल्याचे कोणी सरळपणे सांगितले तर ते दूषण न मानता सचोटी मानली जाईल. लपवून केलेला विवाह दोन्ही घरांस दुःख देतो. सत्य सांगणाऱ्याचे स्थळ मोडावयाचे आणि लपविणाऱ्याचे जुळवावयाचे, ह्या आपल्या रीतीनेच आपण लपविण्यास उत्तेजन देत आलो आहोत.

चौथी: विद्यार्थी सहायक निधीतून दरवर्षी एका तरी मुलीस अथवा मुलास मानसशास्त्राच्या वा मनोविकारशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी साहाय्य द्यावे, आणि शिक्षण झाल्यावर आठवड्यातील एक दिवस तरी अकोटास बसण्याची विनंती त्यास करावी.

ह्या चारही सूचनांस फारसा खर्च नाही. पहिल्या तीन सूचनांस पैसा लागत नाही, फक्त आपल्या जिभेस थोडी शिस्त आणि पायांस थोडा वेग लागतो. बेक ह्यांच्या वहीत डावीकडे भीती लिहिली जाते आणि उजवीकडे पुरावा. समाजाची म्हणून एक वही मांडली तर तिच्या डावीकडे ‘चार लोक काय म्हणतील’ हे वाक्य आपल्या हातचे लिहिलेले आहे. उजवीकडे काय लिहावयाचे ते पुढील संमेलनापर्यंत आपण सर्वांनी मिळून ठरवावयाचे आहे, आणि ते शब्दांनी न लिहिता गाठलेल्या घरांच्या संख्येने लिहावे अशी माझी विनंती आहे.